दहा चित्रांचा पुठ्ठा आणि एक डबकं

"मॅडम, याचं कशात लक्षच लागत नाही," खुर्चीत टेकता टेकताच ती म्हणाली. मुलगा अडीच वर्षांचा. आदल्या रविवारी तिने बागेत त्याच्यासाठी खजिन्याचा शोध मांडला होता. रात्री जागून पुठ्ठ्यावर 10 चित्रं काढली होती: गोल दगड, पिवळं फूल, पीस, वाळकं पान... दगड सापडला आणि खेळ तिथेच अडला. त्याने तो डबक्यात टाकला, बाहेर काढला, परत टाकला. "मैत्रिणीच्या मुलीने सहा वस्तू शोधल्या. याला काही प्रॉब्लेम तर नसेल ना?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या दिवसाचा व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होता. आधी आवाज बंद करून आम्ही दोघींनी तो पाहिला. दगड बुडतो, तो वाकून बघतो. मग पान टाकतो. ते तरंगतं. तो थबकतो, पानाकडे बोट दाखवतो आणि वळून आईकडे बघतो. मग आवाज चालू केला. तो म्हणतोय, "पान!" आणि मागून आईचा आवाज, "हो रे, पण पिवळं फूल कुठंय? शोध ना." असं तीनदा. चौथं पान टाकल्यावर त्याने वळून पाहिलंच नाही.

"थांबवा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

ती चुकली असं मला अजिबात वाटलं नाही. इतक्या हौसेने पुठ्ठा रंगवणारी आई मुलाला काय देऊ पाहत होती, ते दिसतच होतं. फक्त यादी मोठ्या मुलांची होती. अडीच वर्षांच्या आसपास मूल "चेंडू ठेव आणि दार लाव" अशा दोन पायऱ्यांच्या सूचना पाळू लागतं, एखादा रंग ओळखू लागतं. दहा वस्तूंचं कोडं डोक्यात धरून बागभर फिरणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. आणि लक्ष? एका डबक्यापाशी तो वीस मिनिटं होता. बुडणारं आणि तरंगणारं त्याने स्वतःच वेगळं केलं होतं. सापडलेली गोष्ट बोटाने दाखवून आईच्या नजरेशी नजर मिळवणं, हे तर मी अशा मुलांमध्ये सगळ्यात आधी शोधते. दीड वर्षाचं मूल असं बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा येत असलेले शब्द हरवत असतील, तर मी वाट पाहायला सांगत नाही, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. इथे तसं काहीच नव्हतं.

पुठ्ठा दोन वर्षं कपाटात ठेवा, असं मी तिला सुचवलं. त्याऐवजी एक पान त्याच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "असंच अजून एक आण." चित्रापेक्षा हातातला नमुना या वयाला फार सोपा पडतो. सोबत एक छोटी बादली. भरणं आणि उपडी करणं हा त्याच्यासाठी निम्मा खेळ असतो, त्यात घाई करू नये. किंवा त्याच्या देखत चेंडू झाडामागे ठेवायचा, थोडासा दिसत राहील असा. जमलं की जरा जास्त झाकायचा. "मागे", "खाली", "आत" हे शब्द तिथे आपोआप येतात. दहा मिनिटांत कंटाळला तर खेळ संपला.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. टिश्यू पेपरच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल एवढी लहान वस्तू 3 वर्षांखालच्या मुलाच्या खजिन्यात नको. ती घशात अडकू शकते. अनोळखी फळं आणि बियाही नकोत. आणि डबकं कितीही उथळ असलं, तरी आपण हाताच्या अंतरावर हवं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. आता तोच तिच्यासाठी खजिना लपवत होता. दगड तिच्या चपलेत ठेवायचा, "आई, शोध!" म्हणायचा आणि लगेच चपलेकडे बोट दाखवायचा.

"लपवलेलं सांगायचं नसतं, हे त्याला शिकवू का?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही आधी झाडामागे बघा, बाकाखाली बघा, आणि चपलेकडे सगळ्यात शेवटी या."

ती हसली. "तेवढा वेळ त्याला धीरच निघत नाही हो. हात धरून ओढत नेतो चपलेपाशी."