मेसेज वाचला, पण उत्तर नाही

“ताईने मेसेज वाचलाय. खुणा निळ्या झाल्यात. पण उत्तर नाही. माझं काही चुकलं असेल का हो?”

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी ताईच्या जागी मैत्रीण असते, कधी नवरा, कधी बाहेरगावी शिकणारा मुलगा. इथे सांगतेय ती हकिगत पस्तिशीतल्या एका बाईंची आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई गेल्यानंतर या बाईंना जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण, तीही दुसऱ्या शहरात. बाई रोज काहीतरी पाठवायच्या आणि मग दिवसभर फोन उघडून बघत राहायच्या. ताई ऑनलाइन दिसली की छातीत धस्स व्हायचं. “म्हणजे फोन हातात आहे, फक्त माझ्यासाठी वेळ नाही,” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

आधी त्या निळ्या खुणेबद्दल बोलून घेतलं. व्हॉट्सअॅपवर ती नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. त्याआधीही दोन खुणा दिसायच्या, पण त्या करड्या, आणि मेसेज समोरच्याच्या फोनवर पोचला एवढंच त्या सांगायच्या. निळा रंग त्याच्या पुढचं एक पाऊल सांगतो: ते संभाषण उघडलं गेलं. कोणी उघडलं, किती लक्ष देऊन वाचलं, त्या क्षणी त्या माणसाभोवती काय चाललं होतं, यातलं काहीही तो सांगत नाही. उलट, स्क्रीनवर वर झळकलेल्या सूचनेत अख्खा मेसेज वाचून झाला तरी खूण करडीच राहते. इतक्या तोकड्या माहितीवर आपण माणसाच्या प्रेमाचा निकाल लावतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाईंना हे पटलं. पण पटल्याने जीव शांत झाला नाही, आणि तसा तो होतही नाही. मग मी त्यांना शेवटचे काही मेसेज मोठ्याने वाचायला सांगितले, आवाजात कसलाही चढउतार न आणता.

“आज जुने फोटो काढले होते.”

“इकडे सारखा पाऊस.”

“बरेच दिवस झाले ना आपल्याला बोलून.”

मी विचारलं, “यात ताईंना विचारलेला प्रश्न कोणता?”

त्या बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “प्रश्न नाहीये. पण तिला कळायला नको का?”

‘कळायला नको का’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की दुखणं बहुतेक वेळा इथेच असणार, असं मी धरूनच चालते. लिहिताना आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत असतो. त्यातली ओढ, रुसवा, हुंदका सगळं आपल्या कानात असतं. समोर पोचतात ती नुसती अक्षरं. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे प्रयोग करून तपासलं. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं, आपण उपरोधाने बोलतोय की मनापासून हे वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखता येईल. प्रत्यक्षात ते प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास निघालं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आलीच असती. तीच वाक्यं आवाजात ऐकवली, तेव्हा ओळखणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढलं.

मात्र बाईंच्या आडवळणाने लिहिण्यामागे एक भीतीही होती. सरळ विचारलं आणि नाही म्हणाली तर? सूचक लिहिलं की निदान तेवढी सोय राहते. उत्तर नाही आलं तर ‘मी कुठे काय मागितलं होतं’ असं स्वतःला सांगता येतं. ही सोय मी समजू शकते. ज्यांना लहानपणापासून न मागता समजून घेणारं माणूस होतं, त्यांना ते माणूस गेल्यावर तोंडाने मागणं लाचारीचं वाटतं. आम्ही त्या दिवशी उरलेला वेळ आईबद्दलच बोललो.

पुढच्या भेटीत त्यांनी माझ्यासमोर मेसेज लिहिला. तीनदा खोडला. शेवटी पाठवला तो असा: “ताई, तुझा आवाज ऐकावासा वाटतोय. रविवारी सकाळी फोन करू का?”

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. “कर की! विचारतेस काय?”

फोन करायचाच म्हटल्यावर बाईंना नवीन धास्ती: बोलायला काही सुचलंच नाही तर? ही धास्तीही अनेकांना असते. अमित कुमार आणि एप्ली यांच्या २०२१ च्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं होतं. फोनवर अवघडल्यासारखं होईल म्हणून बऱ्याच जणांचा कल ईमेलकडे होता. प्रत्यक्षात फोन काही जास्त अवघड गेला नाही, आणि जवळीक मात्र फोनवर बोललेल्यांना अधिक वाटली.

रविवारी ताईंनी सांगितलं, “तुझे मेसेज मी कामाच्या मधल्या सुट्टीत वाचते. निवांत लिहू म्हणते आणि रात्री बसल्याबसल्या झोप लागते. तुला उत्तर हवं असतं, हे लक्षातच आलं नाही गं.” नंतरच्या एका फोनमध्ये मात्र आणखी काही निघालं. आईच्या आजारपणात सगळी धावपळ धाकटीने केली होती, आणि त्याची टोचणी ताईंना होती. जुने फोटो आले की त्यांना काय लिहावं हेच सुचायचं नाही. म्हणजे त्या गप्प बसण्याला कारण होतं, फक्त बाईंनी धरलं होतं ते नव्हतं.

निळ्या खुणा बंद करू का, असं बाईंनी विचारलं होतं. सेटिंगमध्ये तशी सोय आहे, पण मग इतरांनी वाचलं का हे आपल्यालाही दिसत नाही, आणि ग्रुपमध्ये ती लागू होत नाही. त्यांनी काही दिवस बंद करून पाहिलं. सारखं बघणं कमी झालं, म्हणून तसंच ठेवलं.

प्रत्येकाची गोष्ट अशी वळत नाही. सरळ विचारूनही कोणी टाळत राहतं, तेव्हा ते टाळणं हेच उत्तर धरून पुढचं बोलावं लागतं. घरातलं माणूस शिक्षा म्हणून अबोला धरत असेल, तर तिथे मेसेजची भाषा सुधारून काही होणार नाही, त्या नात्यावरच काम करायला हवं. आणि फोन बघण्यापायी झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर एकट्याने झुंजत बसू नका. समुपदेशकाची वेळ घ्या.