घरी भरलेलं काडतूस जुन्या थ्री-नॉट-थ्रीत नीट बसतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही ओहायोत राहता, लिलावात दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४ ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री-नॉट-थ्री काडतुसाची रायफल, घेतलीत आणि नव्या पुंगळ्या (काडतुसाचं पितळी कवच) आणून पहिली ५० काडतुसं घरीच भरलीत. 'बोल्ट अगदी सहज बंद होतो, म्हणजे फिटिंग बरोबर ना?' असं विचारलंय. नाही. या रायफलीत बोल्ट सहज बंद होण्यावरून फारसं काही कळत नाही.

कारण थ्री-नॉट-थ्री हे १८८८चं, बुडाला रिम असलेलं काडतूस. रिम चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, तोंडाशी अडकली की काडतूस थांबलं. पुढे पुंगळीच्या खांद्याभोवती (ती मानेकडे निमुळती होते तिथे) किती पोकळी उरली, ते बोल्टच्या मुठीला जाणवतच नाही. आणि ती पोकळी असतेच. चिखलामातीत लडबडलेलं काडतूससुद्धा आत जावं म्हणून लष्करी चेंबर ऐसपैस ठेवलेली असायची. बार उडतो तेव्हा पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट धरते, जाड बूड मात्र मागे बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं. ती पुंगळी तुम्ही फुल-लेंग्थ डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापाला आणणाऱ्या साच्यातून) काढलीत की खांदा पुन्हा मागे, पुढच्या बाराला पुन्हा ताण. त्यात ली-एनफिल्डच्या बोल्टचे लग (त्याला अडकवून धरणारे उंचवटे) मागच्या बाजूला, त्यामुळे ॲक्शनही, म्हणजे बोल्ट बसतो तो सांगाडाही, किंचित लवते.

माझी एक पुंगळी पाचव्या भरणीला तुटली. आवाज नेहमीचाच होता, फक्त गालावर गरम हवेची फुंकर आली. बोल्ट ओढला तर हातात पेराएवढं बूड, उरलेली नळकांडी चेंबरमध्येच. चष्मा होता म्हणून निभावलं. चूक माझीच: डाय डब्यावरच्या चिठ्ठीप्रमाणे पार खाली फिरवून बसवली होती, स्वतःची रायफल मोजलीच नव्हती.

तर मोजायचं असं. त्याच रायफलीतून उडवलेली एक पुंगळी घ्या, कारण ती म्हणजे तुमच्या चेंबरचा साचाच. कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मापाचा तुकडा) लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर घ्या, मग डायमधून काढलेल्या पुंगळीचं घ्या. फरक एक-दोन थाऊ असेल तर उत्तम (पिंपरी-भोसरीच्या वर्कशॉपात इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात, तोच). पंधरा-वीस थाऊ निघाला तर डाय वर घ्या, किंवा मी करतो तसं फक्त मानेपुरतं सायझिंग करा आणि त्या पुंगळ्या दुसऱ्या कुठल्याही रायफलीत घालू नका.

मग एक नकली काडतूस करा: दारू नाही, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टिकली) नाही, फक्त पुंगळी आणि गोळी. दोन्ही काळ्या मार्करने रंगवा, हलकेच आत घालून बोल्ट बंद करा, बाहेर काढून भिंगाखाली पाहा. गोळीवर ठरावीक अंतराने चौकोनी खुणा दिसल्या तर ती नळीच्या आट्यांना टेकतेय. पुंगळीच्या तोंडाशी शाई खरवडली असेल तर आधी लांबी मोजा, २.२२२ इंचांच्या वर गेली असेल तर कापायलाच हवी. अख्खं काडतूस ३.०७५ इंचांच्या आत. गोळी आधीपेक्षा खोल बसवलीत तर दाब वाढतो, तेव्हा दारूचं माप लोडिंगच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा धरा. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये घालून बघायची हौस घरात नको. ते रेंजवर, नळी टार्गेटकडे असताना.

आणि प्रत्येक भरणीआधी कागदाची पिन सरळ करा, टोक घासून नखाएवढं वाकवा आणि पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. टोक कुठे खाचेत अडखळलं तर पुंगळी भंगारात, बाहेरून कितीही चकचकीत असो. बाहेर बुडाच्या जरा वर चमकदार कडं दिसलं तरी तेच.

रायफल नीट आहे की नाही ते गेजने तपासा: काडतुसाऐवजी घालायच्या ६४ थाऊच्या 'गो' गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ७०च्या 'फील्ड' गेजवर नको. ब्रिटिश लष्कर ७४पर्यंत चालवून घ्यायचं, पण त्यांच्या काडतुसांची पुंगळी पुन्हा भरायची नसे. हे तपासायचं बोल्टमधला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) आणि स्ट्रायकर (प्रायमरवर आदळणारी सुई) काढून, दोन बोटांनी, जोर न लावता. रिमसाठीचं अंतर जास्त निघालं तर नंबर ४चं बोल्टहेड (बोल्टचं पुढचं टोक) बदलता येतं, ० ते ३ असे आकडे असतात. रिमसुद्धा मोजा. माझ्याकडच्या एका लॉटची ५८ थाऊच भरली, म्हणजे गेज पास होऊनही सहा थाऊ मोकळेच.

आपल्याकडच्या इशापूरच्या (पश्चिम बंगालमधल्या सरकारी कारखान्याच्या) रायफली अमेरिकेत बऱ्याच आल्यात, त्यातली एखादी घेणार असाल तर आधी कॅलिबरची खात्री करा. त्यांचं २ए१ मॉडेल वरवर थ्री-नॉट-थ्रीची सख्खी बहीण, पण ते ७.६२ नाटो काडतुसाचं. काही तर पहाऱ्यासाठी .४१०च्या गुळगुळीत नळीच्या केलेल्या. शंका असेल तर गनस्मिथकडून चेंबरचं ओतीव माप काढून घ्या. माझं लहानपण पुण्यात खडकीलगतच्या रेंजहिल्सला गेलं, म्हणून खडकीचा 'केएफ' शिक्का असलेली एक पुंगळी टेबलावर ठेवलीय. आत टॉर्च मारला की एका भोकाऐवजी दोन दिसतात, बर्डन प्रायमरची, जो घरच्या साधनांनी सहज बदलता येत नाही. भरायची नाही, बघायची.

भारतातून कोणी वाचत असेल तर तिथे .३०३ प्रतिबंधित बोअर आहे, हे तिथे करू नका.

तुमची ती ५०: काही माप चुकलेलं नसेल तर उडवा, पण पहिल्या बारासाठी प्रत्येक काडतुसाच्या रिमपुढे पातळ रबरी ओ-रिंग चढवा. तिच्यामुळे काडतूस मागे बोल्टला टेकून राहतं, आणि पुंगळी बुडाशी ताणली न जाता खांद्याकडे फुगते. बोल्ट बंद करताना हाताला किंचित रबरी दाब लागेल. तेवढाच. जास्त लागला तर रिंग जाड आहे.