आमची आजी म्हणजे शाळेतल्या बाई

या वेळी पत्रं बरीच आली, पण त्यातली चार एकाच विषयावरची निघाली, शिक्षिका असलेल्या आणि आता हयात नसलेल्या आजीबद्दलची. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यांनाच देतेय. बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तरं देईन.

प्रश्न : माझी आजी गेल्या वर्षी गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची पस्तीस वर्षं नोकरी झाली. वर्षश्राद्धाला आम्ही नातवंडं एक छोटी पुस्तिका काढतोय, लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पण लिहायला बसले की 'प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, विद्यार्थीप्रिय' याच्या पुढे पेनच सरकत नाही. हे तर कुणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल ना? (एक नात, पुणे)

उत्तर : तुमचं दुखणं तुम्हीच बरोबर ओळखलंय. माझी आजीपण शिक्षिका होती, सातारा जिल्ह्यात, आधी पाटण तालुक्यात आणि मग माणमध्ये. ती गेल्यावर मीही अशाच शब्दांनी दोन पानं भरली होती. धाकट्या मामानं ती वाचली आणि एवढंच म्हणाला, "यात आई कुठाय?" ते मला फार लागलं. मग मी गुण लिहायचं सोडून दिलं आणि भेटेल त्याला नुसतं विचारत सुटले, की ती दिवसभर करायची काय.

तुम्हीही तेच करा. शाळेत आल्या आल्या फळ्यावर पहिलं काय लिहायच्या, मधल्या सुट्टीत कुठं बसायच्या, डबा कुणाबरोबर खायच्या, छडी होती का, असली तर कुणाला बसली, असं विचारा. 'बाई कशा होत्या' विचारलं की माणसं 'फार चांगल्या होत्या' म्हणून मोकळी होतात, पण 'पावकी-निमकीचे पाढे म्हणून घ्यायच्या का हो?' असं विचारलं की सत्तर वर्षांचा माणूस डोळे मिटून पाव-अर्धा म्हणायला लागतो आणि मग त्याच्या पोटातलं सगळं बाहेर येतं, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसरं म्हणजे साल धरून चाला. शिक्षिकेचं आयुष्य सालानुसार फार छान उलगडतं, कारण बाहेर काही बदललं की ते तिच्या वर्गात येतंच. माझी आजी 1957 च्या जूनमध्ये नोकरीला लागली. त्याच वर्षी 1 एप्रिलला दशमान नाणी आली होती, म्हणजे हिनं स्वतः शिकलेला सगळा हिशोब रुपये-आणे-पैचा, आणि पहिल्याच वर्गाला शिकवायचे नये पैसे. चार आण्याचे पंचवीस हे ठीक, पण एका आण्याचे सव्वासहा, आणि पोरांच्या कानावर बाजारात आणेच पडायचे. तिनं म्हणे चिंचोके आणून शंभर-शंभरच्या राशी करून घेतल्या आणि त्यातून आणे मोजून दाखवले. तेव्हा शाळा स्कूल बोर्डाची होती, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा तीच, खोली तीच, पण ती झेडपीची शिक्षिका झाली.

आणि 11 डिसेंबर 1967. कोयनेचा भूकंप. आजी तेव्हा कोयनानगरच्या अलीकडच्याच एका गावात होती, सोमवार होता, पहाटेची वेळ. घरात ती त्यावर कधी बोलली नाही, आम्हाला एवढंच माहीत होतं की शाळेची भिंत पडली. तिच्या एका विद्यार्थ्यानं, आता ते स्वतः आजोबा आहेत, मला सांगितलं की उजाडल्यावर बाई शाळेच्या पटांगणात आल्या, ढिगाऱ्यातून मस्टर काढलं, पदरानं पुसलं आणि जांभळाच्या झाडाखाली उभ्या राहून हजेरी घ्यायला लागल्या. एकेक नाव. जो 'हजर' म्हणाला नाही त्याच्या घराकडे गावातली दोन माणसं पाठवायच्या आणि मग पुढचं नाव. ते म्हणाले, त्या दिवसापासून मी हजेरीला कधी गप्प बसलो नाही. आता सांगा, हे मिळाल्यावर 'कर्तव्यदक्ष' हा शब्द मी कशाला लिहू?

कागदही शोधा. सर्व्हिस बुकाची दुसरी प्रत किंवा झेरॉक्स बऱ्याचदा घरातच पेन्शनच्या पिशवीत असते. त्यात बदल्या, रजा, वेतनवाढी सगळं तारखेनिशी असतं, पहिल्या पानावर उंची आणि अंगावरची ओळखीची खूणसुद्धा. माझ्या आजीच्या पुढे 'डाव्या भुवईवर व्रण' असं लिहिलंय. मी तिच्या मांडीवर झोपून मोठी झाले पण तो व्रण मी कधी नीट बघितला नव्हता, फोटो काढून बघितला तर होता की! आणि जिथं जिथं त्या होत्या त्या शाळेत एकदा जाऊन या. मुख्याध्यापकांना विनंती केली तर जनरल रजिस्टर दाखवतात, त्यात तुमच्या आजीच्या अक्षरात पोरांची नावं सापडतील. शेरेबुक जपलेलं असेल तर तेही बघा, त्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी बाईंच्या वर्गाबद्दल काय लिहिलं तेही मिळेल.

प्रश्न : आजीच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख 1 जून 1936 आहे, पण ती कायम म्हणायची की मी नागपंचमीची. फोटोखाली काय लिहायचं यावरून घरात दोन तट पडलेत. (एक नातू, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही लिहा. कागदावरची तारीख शाळेनं दिलेली, नागपंचमी तिच्या आईनं सांगितलेली, आणि पोर कधी झालं हे आईला माहीत असणारच.

त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो हे तुम्ही पाहिलंच असेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला सहा वर्षं पुरी झालेली हवीत, आणि आईबापाला तारीख माहीत नसायची. मग डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान लागतो का बघायचं, लागला की सहाचा धरायचा आणि तारीख टाकायची 1 जून. तुमच्या आजीची तारीख तशीच कुणा गुरुजींनी टाकली असणार. आणि पुढं स्वतः बाई झाल्यावर तिनंही कितीतरी पोरांना हा वाढदिवस दिला असेल, तिच्या विद्यार्थ्यांना विचाराच हे.

याच तारखेमुळे ती 31 मे 1994 ला रिटायर झाली असणार, कारण महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी अठ्ठावन्न पुरी धरतात. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी चालू असताना, शाळेला कुलूप असताना. माझ्या आजीचंही असंच झालं, तिचीही 1 जूनच. शेवटचा तास घेतला तो एप्रिलमध्ये, आणि तेव्हा पोरांना ते माहीतही नव्हतं. तुमच्या आजीनं शेवटच्या दिवशी काय केलं हे घरात कुणाला आठवत असेल तर ते जरूर घ्या.

नागपंचमीची इंग्रजी तारीख काढत बसू नका, सालच अंदाजे असेल तर तारीख कुठली बरोबर येणार. 'नागपंचमी' एवढंच लिहा आणि त्या दिवशी आठवण काढा.

प्रश्न : आजीची जुनी पत्रं टाइप करतेय. त्यात 'मुलें', 'घरीं', 'नाहीं', 'कां' असं जागोजाग लिहिलंय. शिक्षिका असून इतक्या चुका? टाइप करताना शुद्ध करू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नका करू, अहो त्या चुका नाहीत! तो त्या काळचा शुद्ध मराठीचा नियमच होता, उच्चारात न येणारे अनुस्वारसुद्धा लिहायचे. 1962 ला साहित्य महामंडळाचे नवे नियम सरकारनं मान्य केले तेव्हा ते गेले. आता विचार करा, जिनं लहानपणी अनुस्वार गाळला म्हणून छडी खाल्ली असेल, तिला पुढं पोरांनी तोच अनुस्वार दिला तर तो खोडायची वेळ आली. तुमच्याकडे तारखेवार पत्रं असतील तर बघा, टिंबं कुठल्या सालापासून कमी होत जातात. माझ्या आजीची शाळेच्या कागदांवरची टिंबं लगेच गेली, पण आजोबांना लिहिलेल्या पत्रांत ती पुढं कितीतरी वर्षं राहिली.

पत्रं लॅमिनेट करू नका आणि फाटलंय तिथं चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते. मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवा आणि मूळ पत्रं कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : मी आजीवर लिहितोय हे कळल्यावर आई म्हणाली, "लिही, पण मला विचारू नकोस. ती गावच्या पोरांची आई होती, माझी नव्हती." गावात आजीचं नाव निघालं की म्हातारी माणसं हात जोडतात, आणि घरात हे असं. हे लिहू की गाळू? (एक नातू, नाशिक)

उत्तर : हे पत्र मी चार वेळा वाचलं, कारण माझ्या आईनं मला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं.

गाळू नका. पण आईवर जबरदस्तीही करू नका. आधी त्या काळच्या बाईमाणसाची नोकरी कशी होती ते समजून घ्या. बदली झाली की जायचं, एकशिक्षकी नाहीतर द्विशिक्षकी शाळा, राहायला गावात कुणाची तरी एक खोली, दिवाबत्तीची बोंब, त्यात आजूबाजूला पोराला सांभाळणारं कोणी नाही. मग पोर आजोळी नाहीतर सासूकडे ठेवायचं. जनगणना आली, निवडणूक आली की त्या कामालाही हीच. माझी आई कऱ्हाडला तिच्या आजीकडे वाढली आणि माझी आजी माणमध्ये. बहात्तरच्या दुष्काळात तिकडं वर्गातली पोरं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेलेली, आजी सुट्टीच्या दिवशी त्या कामावर जाऊन पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची. हे ऐकून माझा ऊर भरून आला होता. मी आईला ते सांगायला गेले, तर ती म्हणाली, "त्या वर्षी मला गोवर आला होता."

दोन्ही खरं आहे हो. दुसऱ्यांच्या पोरांना अक्षरं येत होती तेव्हा तिची पोर तापात तिची वाट बघत होती, आणि आजीला हे कळत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही. पण ते आजीच्या वतीनं मी आईला सांगणं बरोबर नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. तुम्हीही आईला समजावायला जाऊ नका. फक्त विचारा, की आजी घरी यायची तेव्हा काय व्हायचं.

माझ्या आईनं या प्रश्नाला दोन महिने उत्तर दिलं नाही. मग एक दिवस भाजी निवडताना आपणहून बोलायला लागली. शनिवारी सकाळची शाळा करून आजी दोन एसट्या बदलत संध्याकाळी यायची. महिनाअखेरचा शनिवार असला तर पिशवीत मस्टर असायचं. रात्री जेवणं झाली की दोघी कंदिलाशी बसायच्या, आई एकेका पोराचे हजर दिवस मोठ्यानं वाचायची आणि आजी बेरीज मांडायची. पुढं पुढं सरासरी हजेरी आईच काढायला लागली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या वर्गातल्या पोरांची नावं तिला अजून पाठ आहेत, तिनं मला बावीस नावं सांगितली, एकाही पोराला तिनं कधी बघितलेलं नाही.

मी ते तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं, तिला वाचून दाखवलं, आणि आजीवरच्या आमच्या पुस्तिकेत तसंच छापलं. गोवराची ओळही त्यात आहे. ती ठेवायची का हे मी आईलाच विचारलं होतं, ती म्हणाली ठेव.