डीबग करताना सोर्सची विंडो जागेवर राहत नाही? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

ईमॅक्स या एडिटरमधून जीडीबी हा डीबगर (प्रोग्राम थांबवत थांबवत चुका शोधायचं साधन) चालवणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न परत परत येतायत, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितोय. नावं काढली आहेत.

प्रश्न: जीडीबीची सहा विंडोंची मांडणी विस्कटली, परत कशी आणू? दरवेळी ईमॅक्स बंद करून चालू करतो.

एम-एक्स (म्हणजे ऑल्ट-एक्स) दाबून जीडीबी-रिस्टोअर-विंडोज. बंद करायची गरज नाही.

प्रश्न: स्टेप करत (एकेक ओळ चालवत) दुसऱ्या फाइलमध्ये गेलो की पहिली फाइल गायब होते. मला दोन्ही शेजारी हव्यात. एकाने सांगितलं की सोर्स विंडो डेडिकेटेड कर, तर अजूनच घोळ झाला.

होणारच! डेडिकेटेड म्हणजे त्या विंडोत दुसरा बफर (म्हणजे उघडलेली दुसरी फाइल) येऊ द्यायचा नाही, मग डीबगरने पुढची फाइल दाखवायची कुठे? असे ऐकीव उपाय कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) टाकायच्या आधी कंट्रोल-एच व्ही दाबून त्या व्हेरिएबलचं वर्णन वाचा हो, मिनिटभराचं काम आहे. तुम्हाला हवंय ते जीडीबी-मॅक्स-सोर्स-विंडो-काउंट. हे ईमॅक्स 28 पासून आहे, मुळात किंमत 1 असते म्हणून सगळ्या फाइली एकाच विंडोत येतात, 2 करा. तेवढ्या विंडो उघडेपर्यंत नवीन उघडते, मग असलेल्याच वापरते. नवीन विंडो कुठे उघडावी हे जीडीबी-डिस्प्ले-सोर्स-बफर-अ‍ॅक्शनमध्ये ठरतं, पण त्याला हात लावायच्या आधी मॅन्युअलमधला डिस्प्ले-बफरचा भाग वाचा किंवा ज्याने ते वापरलंय त्याला शेजारी बसवून करा. आणि ऑफिसच्या सर्व्हरवर जुनं ईमॅक्स असेल तर अ‍ॅडमिनला विचारा, स्वतःहून व्हर्जन बदलू नका.

प्रश्न: जीडीबी सुरू केल्यावर सोर्स दिसतच नाही.

जीडीबी-शो-मेन चालू करा. तरी नाही दिसला तर बहुधा कम्पाइल करताना मायनस जी (डीबगची माहिती घालायचा पर्याय) दिलं नव्हतं.

प्रश्न: प्रोग्राम कुठे थांबलाय ते दाखवणारा बाण चुकीच्या ओळीवर थांबतो. परवा तर चक्क कॉमेंटवर थांबला होता. दोन-तीन महिने असंच चाललंय, अंदाजाने काम भागवतो.

दोन-तीन महिने! हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, कारण बाकीचे विंडोचे प्रश्न सोयीचे आहेत, हा खरेखोट्याचा आहे. नीट समजून घ्या. बायनरीत (कम्पाइल होऊन बनलेल्या प्रोग्राममध्ये) तुमचा सोर्स कोड नसतो, मायनस जी दिलं तरी त्यात सोर्सच्या ओळींबद्दल साधारणपणे फाइलचं नाव, कम्पाइल झाली तेव्हाची डिरेक्टरी आणि कुठली इन्स्ट्रक्शन कितव्या ओळीची एवढंच असतं. जीडीबी म्हणतो "42 नंबरची ओळ", आणि ईमॅक्स आत्ता जी फाइल उघडी आहे तिच्यातली 42वी ओळ दाखवतो. तुम्ही मधल्या वेळात वर तीन ओळींची कॉमेंट टाकली असेल तर जो if बायनरीत 42वर होता तो आता 45वर गेलाय, बाण मात्र 42वरच, म्हणजे खऱ्या जागेच्या तीन ओळी वर. समोर दिसणारा कोड आणि चालणारा कोड वेगळा! आणि तुम्ही त्यावर अंदाज बांधत बसता.

जीडीबी कधीकधी वॉर्निंग देतो की सोर्स फाइल बायनरीपेक्षा नवीन आहे. ती वॉर्निंग कन्सोल बफरमध्ये येते आणि सगळे सोर्स विंडोकडे बघत असतात, त्यामुळे कोणी वाचत नाही. शिवाय ती फक्त फाइलची वेळ बघते, मजकूर नाही, म्हणजे वॉर्निंग आली नाही याचा अर्थ सगळं जुळतंय असा अजिबात घेऊ नका. आधी पुन्हा बिल्ड करा, मग जीडीबीत इन्फो सोर्स द्या, कम्पाइल डिरेक्टरी बघा, तुम्ही उघडलेली फाइल तिथलीच आहे का, की दुसऱ्या चेकआउटमधली (कोडच्या दुसऱ्या प्रतीतली) त्याच नावाची? दुसऱ्या मशीनवर बनलेली बायनरी असेल तर सेट सबस्टिट्यूट-पाथ (तिथल्या डिरेक्टरीऐवजी तुमची डिरेक्टरी सांगायची कमांड) लागेल. त्यासाठी, आणि नेमक्या कुठल्या कमिटवरून (कोडच्या कुठल्या आवृत्तीवरून) बनलीय त्यासाठी, बिल्ड सांभाळणाऱ्यालाच विचारा.

बाण पुढेमागे उड्या मारत असेल तर कारण वेगळं, ते ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठी कम्पायलरने इन्स्ट्रक्शनचा क्रम बदलणं. मायनस ओजी किंवा ओ शून्यने बिल्ड करून बघा. आणि तुम्ही दुसरी फाइल बघायला गेल्यामुळे बाण हरवला असेल तर कंट्रोल-एक्स कंट्रोल-ए कंट्रोल-एल, थांबलेली ओळ परत समोर येते.

प्रश्न: डीबगिंगसाठी "सगळं सेट केलेलं" कॉन्फिग विकत मिळतंय, घेऊ का?

नको. सहा विंडोंची मांडणी म्हणजे जीडीबी-मेनी-विंडोज, ती ईमॅक्समध्ये फुकट आहे, एका ओळीत चालू होते. तुमची मांडणी हवी असेल तर विंडो लावून जीडीबी-सेव्ह-विंडो-कॉन्फिगरेशन, हेही 28 पासून. दुसऱ्याच्या दोनशे ओळी आत घेतल्या की बिघडल्यावर नेमकं काय बदललंय हे कळत नाही, आणि मग तेच लोक मला विचारायला येतात. आधीच घेतलं असेल तर ईमॅक्स मायनस क्यू देऊन तुमच्या कॉन्फिगशिवाय चालवून बघा, मग पैसे परत मागायचे का ते ठरवा.

प्रश्न: डीबगर बंद केला की माझ्या आधीच्या विंडो जातात.

जीडीबी-रिस्टोअर-विंडो-कॉन्फिगरेशन-आफ्टर-क्विट ला टी (म्हणजे चालू) द्या.

प्रश्न: मी व्हिम एडिटरवाला आहे. त्यातल्या टर्मडीबगमध्ये (जीडीबी चालवायच्या सोयीत) सोर्सची विंडो चुकून बंद झाली.

कोलन सोर्स, एस कॅपिटल. नसेल तर नवीन उघडते. स्मॉल एस दिलात तर ती वेगळीच कमांड आहे, फाइलमधून व्हिमच्या कमांड चालवायची, तेवढं जपा.