मॅमोग्रामचं बोलावणं आणि तुमचे प्रश्न

ब्रेस्ट कॅन्सरच्या सरकारी तपासणीवर, म्हणजे मॅमोग्रामवर (स्तनाचा एक्स-रे फोटो), या वेळी बरेच प्रश्न आलेत. त्यातला गाठीचा प्रश्न मी मुद्दाम सगळ्यात वर घेतलाय, कारण त्याला उशीर परवडत नाही.

मागच्या वर्षी सरकारी तपासणीत माझा मॅमोग्राम नॉर्मल आला होता. आता काखेजवळ गाठ हाताला लागतेय, दुखत नाही. पुढचं बोलावणं यायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर थांबलं तर चालेल ना?

नाही, अजिबात थांबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. स्क्रीनिंग, म्हणजे अशी बोलावून केलेली तपासणी, असतं ते काहीच तक्रार नसलेल्या बाईसाठी. तुम्हाला आता तक्रार आहे, म्हणजे तुमची रांगच वेगळी आणि ती वेगळीच असायला हवी. मागच्या वर्षीचा नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी फोटोत काही दिसलं नाही एवढंच, पुढच्या तीन वर्षांची ती हमी नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात सापडणाऱ्या कॅन्सरला इंटर्व्हल कॅन्सर म्हणतात, आणि जगातल्या चांगल्यात चांगल्या प्रोग्राममध्येही असे कॅन्सर निघतातच. दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कारण कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखत नाहीच. गाठच असायला हवी असंही नाही, कातडीला खळगा पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, लाली न जाणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तरी दाखवायचं. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरं, पण ते डॉक्टरांची तपासणी, फोटो आणि गरज पडली तर सुईची बायोप्सी (सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) यांनी ठरतं, घरी बसून नाही. काउंटरवर कोणी म्हणालं की तुमचा नंबर अजून आला नाही, तर स्पष्ट सांगा, 'मी स्क्रीनिंगला आलेली नाही, मला गाठ लागलीये.' या एका वाक्याने काम बदलतं.

सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. दोनदा पत्र आलं, पण त्या म्हणतात मला काही होत नाहीये, उगाच कशाला मागे लावून घ्यायचं?

त्यांना काही होत नाहीये म्हणूनच तर पत्र आलंय! गाठ हाताला लागायच्या आधी दिसावी हाच मॅमोग्रामचा उद्देश, आणि ५० ते ६९ या वयात त्याच्या फायद्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. पण 'मागे लावून घेणं' ही त्यांची भीती मी झटकून टाकणार नाही, तिच्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली एका स्वतंत्र समितीने जुन्या सगळ्या ट्रायल्स (बायकांचे गट करून तुलना केलेले अभ्यास) तपासल्या, तेव्हा स्क्रीनिंगला बोलावलेल्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू साधारण २० टक्क्यांनी कमी दिसले, पण एक मृत्यू टळतो तेव्हा साधारण तीन बायकांना असा कॅन्सर सापडतो जो आयुष्यभर त्रास देणार नव्हता आणि तरी त्याचे उपचार होतात, कारण कुठला शांत बसेल हे आज आधी ओळखता येत नाही. हे दोन्ही आकडे सासूबाईंना सांगा आणि मग ठरवू द्या त्यांना. माझं मत विचाराल तर मी जा म्हणेन. आणि एकदा हळूच विचारून बघा की खरी अडचण लाज तर नाहीये ना, पुरुष टेक्निशियन असेल म्हणून, किंवा फार दुखतं असं कोणीतरी सांगितलंय म्हणून. बाई टेक्निशियन मागता येते. फोटो काढताना मशीनमध्ये स्तनावर दाब देतात तो काही सेकंदांचा असतो, काहींना दुखतं, काहींना नाही. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, फोटोत त्याचे ठिपके उमटतात.

मी ३६ वर्षांची आहे. मला सरकार का बोलावत नाही? पैसे वाचवायला?

खर्चाचा विचार असतोच, पण मुख्य कारण वेगळं आहे. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते, ती फोटोत पांढरी दिसते आणि कॅन्सरही पांढराच दिसतो, त्यामुळे कॅन्सर नजरेतून सुटणं जास्त, खोट्या शंका जास्त आणि त्या वयात आजारही कमी. वयाची रेघ कुठे ओढायची यावर तज्ज्ञांचंही एकमत नाहीये. इंग्लंडमध्ये ५० ते ७१ वयाला दर तीन वर्षांनी बोलावतात, तर अमेरिकेच्या सल्लागार गटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाला दर दोन वर्षांनी करा असं सांगितलं. मात्र तुमच्या आईला, बहिणीला, मावशीला किंवा आत्याला कमी वयात ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर पत्राची वाट बघू नका, स्वतः डॉक्टरांशी बोला. अशा घरांसाठी जनुकांची तपासणी आणि लवकर एमआरआय असा वेगळा मार्ग असतो. वडिलांकडची बाजूही मोजायची, हे फार जण विसरतात.

तपासणीनंतर फोन आला की परत या. रात्रभर झोप नाही. कॅन्सरच आहे का?

बहुतेक नाही. इंग्लंडचे आकडे बघा, १०० बायकांची तपासणी झाली की साधारण चौघींना परत बोलावतात आणि त्या चौघींतल्या साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. बाकीच्यांचा फोटो धूसर असतो, साधी पाण्याची गाठ असते, नाहीतर दोन ऊती एकावर एक येऊन सावली पडलेली असते. जाताना सोबत कोणाला तरी न्या, जुने फोटो असतील तर तेही न्या. पण जाच, परत बोलावल्यावर न जाणं म्हणजे पहिली तपासणी वाया घालवणं.

मी आरोग्यसेविका आहे. आमच्या भागात मशीन नाही, आम्ही फक्त हाताने तपासतो. याचा काही उपयोग होतो का?

ताई, होतो. मुंबईत १९९८ पासून दीड लाख बायकांवर एक मोठी ट्रायल चालली, तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ मध्ये निकाल छापून आला, हाताने तपासलेल्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले आणि ५० च्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये घट दिसली नाही, म्हणून वेळ कमी असेल तर मोठ्या वयाच्या बायका आधी घ्या. आणि तुम्हाला गाठ लागली त्या बाईचं पुढे काय होतं तिथे खरी गळती असते. तालुक्याला गेली, तिथून चिठ्ठी मिळाली, मशीन बंद, मग रिपोर्ट हरवला, आणि मग ती पुन्हा घराबाहेर पडलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या उपक्रमात म्हटलंय की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हायला हवं. तुमच्या वहीत एक रकाना त्याचा ठेवा, गाठ लागली ती तारीख आणि निदान झालं ती तारीख, आणि महिन्याच्या मीटिंगला ती वही डॉक्टरांच्या समोर ठेवा. मधले दिवस कुठे जातात ते त्यातून कळेल, आणि मग गाडी मागायची, मशीनची दुरुस्ती मागायची की रिपोर्टसाठी माणूस मागायचा ते नेमकं मागता येईल.