“डोक्याला मार? नाही, तसं काही नाही”

“मॅडम, पोरगा हुशार होता हो. आता वाचलेलं टिकत नाही, सारखा चिडतो. टेन्शन घेतो का?” खेळाडूंचे आईवडील हे इतक्यांदा विचारतात की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

अमोल (नाव बदललं आहे) कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली आणि खात्याच्या परीक्षेत गाडी अडली. कुठेतरी मानसशास्त्रीय चाचणी झाली. एकाग्रता कमी, स्मरणशक्ती कमी, निष्कर्ष नैराश्य. मी समुपदेशनात विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास देणाऱ्या समजुती तपासून बदलत, काम करते, त्यामुळे सुरुवातीला ‘मी बिनकामाचा’ या त्याच्या समजुतीवरच आम्ही बोललो. त्याने मनापासून साथ दिली. तरीही दुपारनंतर डोकं जड, ट्यूबलाइटचा उजेड सोसेना, गर्दीत भोवळ. हे नुसत्या विचारांचं दुखणं वाटेना.

चाचणीच्या फॉर्मवर ‘डोक्याला गंभीर इजा?’ याच्यापुढे त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. मी वेगळं विचारलं.

“खेळताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली? मधलं काही आठवेनासं झालं?”

“ते होय! ते चालायचंच, मॅडम.” हसत सांगू लागला. घोटा धरायला झेपावला, चढाईपटूचा गुडघा कानशिलावर बसला. तोंडावर पाणी मारलं, “ऊठ वाघा,” आणि हा परत मॅटवर. “मॅच संपल्यावर मीच पोरांना विचारत होतो, आपण जिंकलो का? सगळे खो-खो हसले.” सांगता सांगता त्याचं हसू थांबलं. “असं चार-पाचदा झालंय. ते पण धरायचं का?”

धरायचं. डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं, त्याला कन्कशन म्हणतात. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही, सीटी स्कॅनही सहसा नॉर्मल येतो. म्हणून खेळाडू अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितो. विसराळूपणा, चिडचिड, झोपमोड नैराश्यातही असतात. मागचा मार ठाऊक नसला की तपासणाऱ्याला तेवढंच दिसतं. विचार बदलता येतात यावर माझा ठाम विश्वास आहे, पण आधी विचार करणाऱ्या मेंदूची चौकशी व्हायला हवी. मी आता प्रत्येक खेळाडूला असंच विचारते, आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेले कितीतरी जण ‘हो’ म्हणतात.

अमोलला मी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, सोबत आठवतील तेवढ्या माराची यादी दिली. मान आणि तोल यांचे व्यायाम, झोपेची शिस्त, थोडा थोडा अभ्यास असं सुरू झालं. “म्हणजे मी ढ नाही,” हे त्याचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

पालकांनो, प्रत्येक विसरण्यामागे जुना मार असतोच असं नाही. इंटरनेटवर सीटीईबद्दल (डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडला जाणारा मेंदूचा आजार) वाचून घाबरूही नका. त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. मुलाच्या चाचणीआधी मात्र त्याच्या जुन्या संघसोबत्यांना विचारा. त्याला न आठवणारं त्यांना आठवतं. आणि मैदानावर मार बसलाच, तर त्या दिवशी परत खेळवू नका. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ पासून अशा वेळी बदली खेळाडू मिळतो, आपल्या पोरांनाही बाकावर बसवता येतं. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके दिसले तर तडक दवाखाना गाठा.