कंपनी आपलीच, मग पैसा कुणाचा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी एकटाच मशीनचे सुटे भाग बनवून देतो. आता एक मोठं गिऱ्हाईक म्हणतंय की प्रायव्हेट लिमिटेड असाल तरच ऑर्डर देऊ. कंपनी काढली तरी जवळजवळ सगळे शेअर माझेच राहणार. म्हणजे मशीन माझी, बँकेतला पैसा माझा, फक्त पाटी बदलायची, बरोबर ना?

उत्तर : नाही हो दादा, इथेच बहुतेकांची गाडी घसरते. शेअर तुमचे, पण कंपनीच्या नावावर केलेली मशीन कंपनीची आणि तिच्या खात्यातला पैसाही कंपनीचाच. हे आजचं नाही, सालोमन नावाच्या लंडनच्या बूटवाल्याच्या केसमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वांत वरचं कोर्ट) सांगून टाकलं (1897 सालची केस म्हणून ओळखतात) की घरच्याच सात जणांची कंपनी असली आणि बाकी सहा जणांकडे एकेकच शेअर असला तरी कंपनी वेगळी आणि सालोमन वेगळा. कंपनी बुडाली तरी कंपनीकडे ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना त्याच्या खिशात हात घालता आला नाही. लोकांना ही केस आवडते, कारण यात फायदा दिसतो.

पण याचीच दुसरी बाजू 1925 च्या मकौरा केसमध्ये आहे आणि तुमच्यासारख्याने खरंतर ती आधी वाचावी. आयर्लंडमधला हा जमीनदार, त्याने आपल्या इस्टेटीवरचं लाकूड आपल्याच कंपनीला विकलं, शेअर सगळे त्याचे किंवा त्याच्यासाठी नावापुरते शेअर धरणाऱ्यांचे, पण विमा मात्र स्वतःच्या नावावर काढला. आग लागली, लाकूड बरंचसं जळालं, आणि कोर्ट म्हणालं लाकूड कंपनीचं आहे, तुझं नाही, सबब क्लेम नाही. एक रुपया नाही मिळाला म्हणा ना.

म्हणून कंपनी रजिस्टर झाली की पहिलं काम केकबिक कापायचं नाही, मशीनच्या विम्यावर नाव कुणाचं आहे ते बघायचं. मशीन कंपनीला विकली की भाड्याने दिली याचा कागद करा, जागेचा भाडेकरार, लायसन्स, वीजबिल, सगळं एकेक करून बदलून घ्या. ऑर्डरवर सही करताना खाली कंपनीचं नाव आणि ‘डायरेक्टर’ असं लिहा, नाहीतर उद्या समोरचा म्हणेल मी तर या माणसाशी व्यवहार केला, कंपनीबिंपनी मला माहीत नाही.

आणि पैसे काढायचे तर ते पगार म्हणून, डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) म्हणून, कंपनीसाठी केलेल्या खर्चाची परतफेड म्हणून किंवा तुम्ही कंपनीला दिलेल्या उसन्याची फेड म्हणून, आणि यातलं काय ते त्याच दिवशी लिहायचं. ‘सध्या घेतो, मार्चमध्ये बघू’ हा आपला आवडता प्रकार बंद. भारतात डायरेक्टरला कंपनीने कर्ज देण्यावर 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 185 चे निर्बंध आहेत, त्यामुळे सीएला विचारल्याशिवाय उचल घेऊ नका. दोन खिसे एकच करून टाकले तर लिमिटेडचं संरक्षणही (कंपनीचं देणं तुमच्या खिशातून वसूल न होणं) कोर्ट बाजूला ठेवू शकतं. आणि हो, बँक कर्ज देताना तुमची पर्सनल गॅरंटी मागणारच, तिथे सही केली की त्या कर्जापुरतं लिमिटेड विसरा. हे कुणी आधी सांगत नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीत मी, नवरा आणि धाकटे दीर असे तीनच डायरेक्टर. रोज एकाच टेबलावर बसतो, सगळं बोलून ठरतं. तरी सीए म्हणतात मिनिट्स (मीटिंगची नोंद) लिहा. खोटी मीटिंग कशाला दाखवायची?

उत्तर : ताई, खोटी अजिबात दाखवायची नाही, जी होते तीच लिहायची. तुम्ही बोलून ठरवताच ना, मग तेवढंच कागदावर आणायचं. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि मग : ‘कंपनीने नवीन गाडीसाठी अमुक बँकेकडून अमुक रकमेचं कर्ज घ्यावं, कागदपत्रांवर सही करण्याचा अधिकार अमुक डायरेक्टरला देण्यात येत आहे, असा ठराव एकमताने मंजूर.’ खाली अध्यक्षाची सही. चार ओळी झाल्या, संपलं. कोण चिडलं, चहा किती वेळा झाला ते नको.

घोळ कुठे होतो सांगते, वर्षभर काही लिहायचं नाही आणि ऑडिट आलं की एका रात्रीत सगळ्या मीटिंगा उरकायच्या. ते ओळखू येतं. एकच शाई, एकच अक्षर, आणि एप्रिलच्या ठरावात असा खाते नंबर जो बँकेने जूनमध्ये दिलाय! भारतात मीटिंग झाल्यापासून 30 दिवसांत मिनिट्स वहीत यायला हवेत. कायद्यातल्या स्मॉल कंपनीच्या (कमी भांडवल आणि उलाढाल असलेली) व्याख्येत बसत असाल तर बोर्ड मीटिंग वर्षाला दोनच पुरतात, दर सहामाहीत एक आणि मधे निदान 90 दिवस. हे काही फार नाही हो. आणि दिरांशी उद्या बिनसलंच (न बिनसो), तर कुणाचे शेअर किती आणि काय ठरलं होतं हे मेंबर रजिस्टर (शेअर कुणाकडे किती याची वही) आणि ही मिनिट्सची वहीच सांगणार, सासूबाई नाही.

प्रश्न : धंदा थंड आहे, दोन वर्षं एकही बिल फाडलं नाही. तरी रिटर्न भरायचे? आणि जुनी कागदं किती वर्षं सांभाळायची?

उत्तर : भरायचे. धंदा बंद म्हणजे कंपनी बंद नाही. सलग 3 आर्थिक वर्षं कंपनी रजिस्ट्रारकडे वार्षिक रिटर्न किंवा ताळेबंद दाखल केला नाही तर डायरेक्टर 5 वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि ते फक्त याच कंपनीपुरतं नाही. तुमची दोन झालीत, तेव्हा आधी धावा. धंदा पुन्हा करायचाच नसेल तर रीतसर नाव काढून घेण्याचा अर्ज असतो, तो करा, पण थकलेले रिटर्न भरून.

हिशोबाची पुस्तकं आणि व्हाउचर भारतात 8 आर्थिक वर्षं ठेवायची, चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. ब्रिटनमध्ये प्रायव्हेट कंपनीला कंपनी कायद्याने 3 वर्षं पुरतात, पण तिथलं टॅक्स खातं 6 मागतं, म्हणजे शेवटी 6 च. मिनिट्स, मेंबर रजिस्टर आणि नोंदणीचं सर्टिफिकेट मात्र कधीच रद्दीत टाकायचं नाही. थर्मल पेपरवरची बिलं तेवढी आजच स्कॅन करून घ्या, वर्षभरात कोरी होतात.